वरून शीव दिसत नाही

हैदराबाद, ५ बहमन १३४७ फसली
(९ डिसेंबर १९३७)

आक्का,

पायांवर डोकं ठेवतो. बातमी आधी सांगतो. माझी बदली औरंगाबादला झाली. खातं तेच, तामिरात, बांधकामाचं. काम तेच, नक्शानवीसाचं. इथं इमारतींचे नकाशे काढत होतो, तिथं रस्त्यांचे आणि गावांच्या हद्दींचे काढायचे. सामान रेल्वेनं पुढं जाईल. आम्ही तिघं हवाई जहाजानं जाणार आहोत.

हसू नकोस. ज्या नवाबसाहेबांच्या बंगल्याचा नकाशा मी काढून दिला, त्यांचं स्वतःचं लहानसं जहाज आहे. बेगमसाहेबांना आणायला ते औरंगाबादला जायचं आहे. जाताना रिकामंच. मी धीर करून विचारलं. ते म्हणाले, "ले जाव मियाँ. बच्ची बडी होको बोलेगी, मैं दूध पीती थी तब उडी थी."

सरस्वती नाही म्हणते. तिला तेलगाववरून जायचं होतं, कारण बारशानंतर तू भिवराला बघितलेलं नाहीस. पण आधी रेल्वे, मग मोटार, मग बैलगाडी. लेकराला थोडं पडसं आहे. खालची धूळ तिला सोसायची नाही. वरची हवा स्वच्छ असते म्हणतात.

नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. हैदराबादहून औरंगाबादला सरळ रेघ मारली तर ती आपल्या गावाजवळून जाते. पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला बांधावर उभी राहा. आबांचं पांढरं धोतर पसर, म्हणजे मला दिसेल.

एक कोडं तुझ्यासाठी ठेवतो. बारसं करून भिवराला घेऊन सरस्वतीच्या माहेराहून, पाटोद्याहून निघालो, तेव्हा प्रत्येक शिवेवर तू गाडी थांबवलीस. खाली उतरून टाच आपटायचीस, लेकराला हाक मारायचीस, मग गाडी पुढं. शेवटी शेवटी शीव आली की बैलच आपोआप थांबायला लागले होते. आता वर टाच कशावर आपटायची?

तुझा
मोहन


तेलगाव, मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी

मोहन,

तुला आणि सरस्वतीला आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या केसरबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता गं बया! खाली यवढी जागा असून माणसं वर कावून जातेत?" उत्तर तुला सुचलं तर कळव.

तू हसत लिहिलंस, म्हणून मी न हसता लिहिते. तान्हं लेकरू अंगात पक्कं बसलेलं नसतं. आपण झोपलेलं अंग उचलतो आणि चालू लागतो. लेकरू मागं राहतं. त्याला वाट माहीत नसते. म्हणून शीव आली की जमिनीवर पाय ठेवायचा, टाच आपटायची, एकदा नाव घ्यायचं, आणि थांबायचं. जमीन एका गावाची दुसऱ्या गावाला लागलेली असते. तिच्यातून हाक जाते. आत्यानं कानात सांगितलेलं नाव असतं, ते ओळखून लेकरू येतं. हे मी कुणाला विचारून लिहीत नाही. आपल्या आईनं तुला असंच आणलं.

सारजा आठव. काकांना पाऊस गाठायच्या आत घरी यायची घाई होती. काकूच्या माहेराहून गोदावरी उतरून तान्ह्या सारजाला झोपलेली आणली, कुठं थांबले नाहीत. ती पुढं चाळीस वर्षं आपल्या मागच्या खोलीत बसली. हाक मारली तर वळली नाही. नदीकडच्या भिंतीला तोंड करून बसायची. तू तिच्या वेणीला शेंगा बांधायचास, तेव्हाही वळली नाही. तू म्हणशील, ती बहिरी होती. होती. मी म्हणते, ती बहिरी कावून झाली.

वरून नेऊ नकोस. नेणारच असलास तर सरस्वतीला सांग, सगळी वाट नाव घेत राहा. मी बांधावर नाही, शिवेच्या दगडापाशी उभी राहीन. धोतर पसरीन. खालून जेवढी पोचेल तेवढी हाक मारीन.

भिवराच्या कानाला तोंड लावून सांग, आत्यानं हाक मारली.

तुळजा


औरंगाबाद, २४ डिसेंबर १९३७

आक्का,

पोचलो. तिघंही सुखरूप. घर जुन्या माडीवर मिळालं आहे, जमीन लाकडी फळ्यांची, हवा चांगली.

जहाज म्हणजे तट्ट्याच्या बैलगाडीएवढंच. पुढं कप्तान, मागं आम्ही. यंत्राचा आवाज असा, की शेजारच्या माणसाला बोलायचं तर खुणांनी. कप्तानानं कानात घालायला कापूस दिला. भिवराच्या कानात सरस्वतीनं बोळे घातले, तिनं ते काढून तोंडात घातले.

एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. वरून शीव दिसत नाही. मी इतकी वर्षं कागदावर हद्दी काढत आलो. या गावाची काळी, त्या गावाची तांबडी. वरून एकही रेघ नाही. ज्वारी, पांढरी वाट, पुन्हा ज्वारी. कुठलं गाव कुठं संपतं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मला बरं वाटलं. का ते सांगता येत नाही.

तेलगाव मी नदीच्या वळणावरून ओळखलं. तू नीट दिसावीस म्हणून कप्तानाला खूण केली, जरा खाली घ्या. त्यानं जहाजाचं नाक एकदम खाली केलं. सरस्वतीनं डोळे मिटले. पण धोतर दिसलं. नखाएवढं पांढरं, आणि शेजारी तू, एक काळा ठिपका. मी भिवराला मांडीवर घेऊन काचेपाशी धरलं. ती तेव्हा रडत होती, निदान तोंडावरून तसं वाटलं. तोंड पुरतं उघडलेलं, मान मागं टाकलेली, आणि आवाज काही नाही. मुका सिनेमा असतो ना, तसं. मला हसू आलं. कप्तानानं वळून बघितलं, तोही हसला. मग त्यानं पुन्हा वर घेतलं. तेलगाव मागं पडलं तशी ती गप्प झाली, आणि औरंगाबादेत उतरेपर्यंत झोपली.

तेव्हापासून ती लई शहाणी झाली आहे. फार झोपते.

तुझा
मोहन


तेलगाव, पौष शुद्ध चतुर्थी

मोहन,

तुम्हा दोघांना आशीर्वाद.

जहाज मला दिसलं. आधी आवाज आला, मग ते आलं. खाली आलं तेव्हा ज्वारीतली पाखरं एकदम उठली. मी टाच आपटली, हाक मारली. पुन्हा मारली. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ते वर गेलं, लहान झालं, गेलं. त्याचा आवाजही गेला.

मग रडणं ऐकू आलं.

आपला आश्रुबा गोफण घेऊन माळ्यावर पाखरं राखत होता. तो माळ्यावरून उतरून आला आणि म्हणाला, "आक्का, कुनाचं लेकरू हाय हे? ज्वारीत कुनी टाकून गेलं का काय?" आम्ही दोघांनी हुडकलं. दगडापासून ओढ्यापर्यंत सगळ्या सऱ्या बघितल्या. जवळ गेलं की ते थोडं पुढं असायचं. बायका कामाला आल्या, तेव्हा थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा आलं. त्याच्यानंतर रोज येतं.

आश्रुबा आता म्हणतो, टिटवी असंल. म्हणून तुला विचारते. मला एकच गोष्ट लिही. हाक मारल्यावर भिवरा मान वळवते का?

तिच्या कानाला तोंड लावून सांग, आत्यानं हाक मारली.

तुळजा


औरंगाबाद, १५ जानेवारी १९३८

आक्का,

तुझं पत्र पोचलं. यापुढं असलं काही लिहू नकोस. सरस्वतीला वाचता येतं आणि ती आधीच हळवी आहे.

टिटवीच आहे. जहाजाच्या आवाजानं तिची अंडी फुटली असतील, म्हणून ती त्याच जागी ओरडते. आश्रुबाला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

भिवरा गुटगुटीत आहे. खालचे दोन दात आले. इतकी शांत आहे की मागच्या आठवड्यात घराखालून मुसलमानांच्या लग्नाची वरात गेली, ताशे वाजले, तरी ती पाळण्यात निजलेलीच. खालच्या वच्छलाबाई म्हणाल्या, "असं गुणी लेकरू बघितलं न्हाई बाई." इथं पाणी गोड आहे. पाणचक्कीवर फिरायला जातो. तू ये एकदा, उन्हाळ्याच्या आधी. मोटारीनं ये.

मोहन


तेलगाव, पौष वद्य नवमी

मोहन,

वरात लिहिलीस, दात लिहिलेस, पाणी लिहिलंस. मी विचारलं ते लिहिलं नाहीस.

ज्वारी काढून झाली. रान मोकळं आहे. आता दडायला जागा नाही, तरी ते दिसत नाही. मी रोज दगडापाशी जाऊन बसते. केसरबाई मला लोकांदेखत म्हणाली, "पोर तिकडं बापाच्या मांडीवर मुततंय, आन तू हितं ढेकळात हुडकतीस व्हय गं?" सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बायका गेल्या तशी ती माझ्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आज जरा घोगरं वाटतंय. रडून रडून घसा बसला आसंल."

तुझ्या मांडीवर जी आहे, तिला हाक मार. मी वाट बघते.

तुळजा


औरंगाबाद, रथसप्तमी

आक्कांना सरस्वतीचा नमस्कार.

हे कचेरीत गेले, म्हणून लिहायला बसले. तुमचं मागचं पत्र यांनी फाडलं. त्याच्या आधी मी ते वाचलं होतं.

भिवरा मान वळवत नाही.

आलो त्या दिवशी तिच्या झबल्याच्या खांद्यावर कानातून आलेलं पिवळं पाणी होतं, थोडं रक्त होतं. यांना दाखवलं. हे म्हणाले, नखानं ओरखडली असेल. मग एकदा माझ्या हातून परात पडली. वच्छलाबाई खालून ओरडत आल्या. भिवरा पाळण्यात आपल्या बोटांशी खेळत होती. मी तिला मांडीवर घेतलं, तिच्या डोक्यामागं थाळी धरली आणि पळीनं वाजवली. वच्छलाबाईंनी माझा हात धरेपर्यंत वाजवत होते.

दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, सर्दी असताना वर न्यायला नको होतं. एकदम खालीवर झाल्यानं पडदे फाटले, मग आत पू झाला. पुन्हा ऐकू येईल असं ते म्हणाले नाहीत. येणार नाही असंही म्हणाले नाहीत. हे घरी आले आणि पट्ट्या पुसायला बसले. नकाशावर रेघा मारायच्या पट्ट्या, स्वच्छच होत्या. त्या दिवसापासून हे तिला हाक मारत नाहीत. मी मारली तरी उठून बाहेर जातात.

निघताना कप्तानानं विचारलं होतं, "बच्ची को जुकाम तो नहीं?" हे नाही म्हणाले. तिचं नाक पुसलेला बोळा माझ्या मुठीत होता. मीही काही बोलले नाही.

तुम्ही सांगितलं तसं नाव घेत जायचं माझ्या मनात होतं. एकदा घेतलं. माझा आवाज मला आला नाही. हे माझ्या ओठांकडे बघून हसले. मग मला लाज वाटली. पुढं मी घेतलं नाही.

आक्का, तिकडे जी रडते, ती कशी रडते? आमच्या भिवराच्या रडण्याला शेवटी एक उचकी असायची, घट्ट दार ओढून घ्यावं तशी. इथं आल्यापासून ती रडते, पण उचकी येत नाही. तेवढं मला लिहा. पत्र वच्छलाबाईंच्या नावानं पाठवा. आणि उचकी असेल, तर तिला घेऊन या. नाव तुम्ही दिलंत. माझ्या हाकेला ती येणार नाही.

सरस्वती


तेलगाव, माघ पौर्णिमा

सरस्वती,

उचकी आहे.

मी परवा निघते. मोटारीनं आले तर मी एकटीच येईन. पायीच यावं लागेल, शिवेशिवेनं. तेलगावच्या दगडापाशी पहिली हाक मारते, मग पुढच्या गावच्या शिवेवर. ती मागं येते का बघत बघत. माजलगाव घेऊन वर उमापूर, तिथून नावेनं गोदावरी.

केसरबाई बरोबर येते. मी नको म्हणाले. ती म्हणाली, "यकटीच हाका मारीत हिंडलीस तर लोक धोंडे मारतील. दोघी हिंडलो तर देवाला निघाल्या म्हणतील." तिनं भाकरी बांधल्या आहेत. एक लहान दुपटंही घेतलं आहे. ते कशाला, हे मी विचारलं नाही.

मोहनला आधी सांगू नकोस. तो मला न्यायला मोटार घेऊन येईल.

आणि ऐक. तू हाक मारली नाहीस म्हणून झालं, असं मनात धरू नकोस. वर जमीन नव्हती. तू मारली असतीस तरी ती कशातून गेली असती?

तुळजा


गोदावरीच्या पलीकडचा काठ, माघ वद्य अष्टमी

सरस्वती,

हे कार्ड नावाड्याजवळ देते, तो उमापूरला टपालात टाकील.

नदीपर्यंत ती आली. कुठं लगेच, कुठं दुपार करून. एका गावी लोकांनी आम्हाला शिवेतून पुढं जाऊ दिलं नाही, लांबून वळसा पडला. केसरबाईचे पाय फुटलेत. ती मला शिव्या देते आणि चालते.

नदीचं मला भ्या होतं. नावेत टाच आपटता येत नाही. अलीकडच्या काठावर मी हाक मारली आणि रडणं थांबलं. पलीकडे जाऊन मारीन, तेव्हा ती असेल की नाही, कळत नव्हतं. नावाडी गहिनीनाथ म्हणून आहे, म्हातारा माणूस. त्याला आम्ही काही सांगितलं नव्हतं. नाव मध्यावर आली तेव्हा तो वल्हं थांबवून मला म्हणाला, "बाई, पदर घ्या लेकरावर. पाण्यावरलं वारं हाय."

केसरबाईनं माझ्या हातांकडे बघितलं. मी खाली बघितलं. मी हात कधीपासून तसे धरले होते, मला माहीत नाही.

तिनं दुपटं काढून दिलं. मी पांघरलं.

तुळजा


औरंगाबाद, २० मार्च १९३८

आक्का,

तू आणि केसरबाई सुखरूप पोचलात, हे वच्छलाबाईंच्या नावे आलेल्या कार्डावरून कळलं. मला वेगळं लिहिलं नाहीस. तू इथं होतीस तेव्हा मी तुझ्याशी धड बोललो नाही. आता लिहितो.

तू दारात उभी राहिलीस तेव्हा मी खिडकीपाशी होतो. तुझी दशा बघून मला राग आला होता. फुटलेल्या टाचा, तोंडावर धूळ, हातांत रिकामं दुपटं. मी काही बोलणार, तेवढ्यात तू उंबरा ओलांडलास, डोळे मिटलेस, टाच आपटलीस आणि हाक मारलीस. तुझे डोळे मिटलेले होते, म्हणून तुला ते दिसलं नाही. सरस्वती चुलीपाशी होती, तिलाही नाही. मी एकट्यानं बघितलं. भिवरा फळ्यांवर बसली होती, दाराकडे पाठ करून. तुझी टाच पडली आणि तिनं मान वळवली. तुझ्याकडे. हाक निघायच्या आधी.

मग ती तुमच्याकडे बघताना दिसली तशा तुम्ही सगळ्या रडू लागलात आणि मी बाहेर गेलो.

त्यानंतर मी विचार केला. घर माडीवर आहे, जमीन लाकडाची. टाच आपटली की फळी हलते, ते तिला अंगात कळतं. आम्ही तिला आजवर पाळण्यात नाहीतर मांडीवर ठेवून तपासत होतो, म्हणून लक्षात आलं नाही. तू गेल्यावर मी करून बघितलं. फळीवर टाच मारली, ती वळली. हसली. दगडी जिन्यावर बसवून मारली, वळली नाही. पाठीमागं थाळी वाजवली, वळली नाही. म्हणजे कान गेले आहेत. ते येणार नाहीत. पण सरस्वती आता दिवसभर घरात टाचा आपटत हिंडते, आणि भिवरा तिच्यामागं रांगते. वच्छलाबाई म्हणतात, खाली त्यांच्या डाळीत माती पडते.

इथवर सगळं मला समजतं. पुढचं समजत नाही.

तू गेलीस त्या दिवसापासून मला रडणं ऐकू येतं. सकाळी, न्याहारीच्या वेळेला. पहिल्यांदा मी भिवराला उचलायला गेलो. ती समोर बसून भाकरीचा तुकडा चोखत होती. तोंड मिटलेलं. रडणं चालूच होतं, खोलीतच, तिच्यापासून हातभर अंतरावर. सरस्वतीला ते ऐकू येत नाही. वच्छलाबाईंना येत नाही. मी कचेरीत लवकर जाऊ लागलो, तर ते कचेरीत आलं. मी हद्दीची रेघ ओढत होतो, हात थांबला. शेवटी उचकी असते. घट्ट दार ओढून घ्यावं तशी.

टिटवी नाही, हे मला कळतं.

आक्का, तिला बाहेर कसं काढायचं ते लिही. किंवा आत कसं घ्यायचं ते. तुझ्या शिवेच्या रीतीत याला काही असेल. मी हसणार नाही.

मोहन


तेलगाव, फाल्गुन वद्य दशमी

मोहन,

आशीर्वाद.

इथली शीव गप्प आहे. आल्यापासून मी रोज दगडापाशी जाऊन आले. पाखरं आहेत, वारा आहे. दुसरं काही नाही. केसरबाईला करमत नाही. काल म्हणाली, "सवय झालती गं."

म्हणजे मी तिला पोचवली. एवढंच माझ्या हातात होतं.

बाहेर काढायचं विचारतोस. ती बाहेर कुठं जाईल? घर तेच आहे. आत घ्यायचं विचारतोस. मीही तेच धरून आले होते, की नाव कानात सांगितलं तशी ती कानातूनच आत जाईल. ती वाट बंद झाली आहे. मी उंबऱ्यात डोळे मिटून उभी होते, तेव्हा ती माझ्या हातांतून उतरली, हे मला कळलं. कुणाकडे गेली ते कळलं नव्हतं. तुझं पत्र वाचून कळलं.

आमच्या रीतीत याला काही नाही, मोहन. आमच्यातलं कुणी वर गेलंच नव्हतं. मला सुचतं ते लिहिते.

तू मला लिहिलं होतंस, तिचं तोंड उघडं होतं आणि आवाज नव्हता. आवाज होता. तो तुझ्या मांडीवर निघाला, आणि तुला आला नाही. निघालेलं रडणं कुणीतरी ऐकावं लागतं. तोवर ते जात नाही. खाली आम्ही होतो, म्हणून आम्ही ऐकलं. आश्रुबानं ऐकलं, केसरबाईनं ऐकलं, मी ऐकलं. पण ते आमच्यासाठी नव्हतं.

सकाळी ते येईल तेव्हा कचेरीत जाऊ नकोस. फळीवर भिवराच्या शेजारी बस. टाच मार, म्हणजे ती तुझ्याकडे बघेल. तिला मांडीवर घे, तेव्हा घेतली होतीस तशी. तिला तिचं रडणं ऐकू यायचं नाही. तिच्यासाठीचंही तुलाच ऐकायचं आहे. हसू नकोस, उठू नकोस, खिडकीबाहेर बघू नकोस. शेवटच्या उचकीपर्यंत ऐक.

तुळजा